आमच्या उसातल्या बिनभाड्याच्या कुळास

श्रीमती बिबटीणबाई,
मु. उसाचा फड, मंचर, ता. आंबेगाव, जि. पुणे.



सातबाऱ्यावर नाव माझं, राहता तुम्ही. भाडं नाही, करार नाही, वर कायदाही तुमच्याच बाजूचा. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तुमचं नाव आहे. माझं अजून कुठल्याच अनुसूचीत आलेलं नाही.

तुम्हाला इथं बोलावलं मात्र आम्हीच. डिंभे धरणाचं पाणी आलं, बाजरी हटली, ऊस आला. उसात आडोसा, वस्तीवर कुत्री, सगळी सोय. जुन्नरपलीकडच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय यांच्या चमूनं कॅमेरे लावून मोजलं, तर 100 चौरस किलोमीटर शेतशिवारात पाचेक मोठे बिबटे निघाले. झालं, आमचं पाचटही शास्त्रीय महत्त्वाचं ठरलं!

खासगी शेतात अशी शास्त्रीय महत्त्वाची जागा निघाली की इंग्लंडात 1981च्या कायद्यानं मालकाला यादीच धाडतात: ही कामं विचारल्याशिवाय करू नका. आपल्या वन्यजीव कायद्यातही 2002च्या दुरुस्तीनं सोय झाली. मालकानं स्वखुशीनं दिली, तर खासगी जमीन 'सामुदायिक राखीव क्षेत्र' होऊ शकते. मग तिचा वापर बदलायला समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी. अर्ज करतो हो, पण राखायचं काय? तुमचं घर म्हणजे माझं पीक. तोडणीची टोळी आली की ते ट्रॉलीत बसून कारखान्याला जातं. तुम्हाला मारलं तर मला तुरुंग. तुमचं घर पाडलं तर टनावर पैसे.

तोडणीत सरीत बछडे सापडतात. कोयते थांबतात. वनखात्याची माणसं बछडे क्रेटमध्ये घालून तिथंच ठेवतात. रात्री तुम्ही येता, क्रेट पाडता, एकेकाला मानगुटीला धरून शेजारच्या फडात नेता. तिथला मालक वेगळा, भाडं तेवढंच.

हल्ल्यांत माणसं गेली, लेकरं गेली. त्यावर थट्टा होत नाही. पण तुमच्या आज्यांना पकडून दुसरीकडे सोडल्यावर जुन्नर भागात हल्ले वाढलेच होते, हेही नोंदलेलं आहे. म्हणून माझं म्हणणं, इथं कायद्यानं जागा राखू नये, रीत राखावी: तोडणीआधी फडाची पाहणी, बंदिस्त गोठा, आणि मोटरीला दिवसा थ्री फेज लाईट. सरकारनं हे सगळं सक्तीचं केलं, तर त्या कागदावर सही करायला मी पहिला.

आपला,
जमीनमालक

ता.क. आज लाईट रात्री बाराला आहे. मोटर चालू करायला मी येईन. तेवढा वेळ कृपया पलीकडच्या बांधाला राहावं.