एका नमुन्याचे काकाजी

बारावीचा निकाल लागला की मारेगावात दोन धंदे तेजीत येतात, एक बियाण्याचा आणि दुसरा सल्ल्याचा. बियाण्याची निदान पावती मिळते. सल्ला काकाजी फुकट देतात, आणि तो नको म्हणायची सोय नसते.

असे काकाजी प्रत्येक तालुक्याच्या गावी असतात. आमच्याकडचे जून-जुलैत महा ई-सेवा केंद्राबाहेरच्या बाकावर सापडतात. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, त्यातलं एक चालतं आणि एक शोभेचं. पूर्वी नोकरीला होते. कुठल्या, असं विचारलं की "डिपार्टमेंटले होतो" एवढंच उत्तर येतं. टीसी, मार्कशीट, जातीचा दाखला अशी पिशवी काखोटीला मारून पोरगं आलं, की संगणकाआधी त्याला काकाजी लागतात.

"किती पडले बे?"

"बासष्ट टक्के, काकाजी."

"मंग आयटीआय कर, वेकोलित लाग."

टक्के ब्याण्णव असले तरी सल्ला हाच, फक्त 'बे' गळून पडतो. वेकोलित, म्हणजे कोळसा खाणींच्या कंपनीत, आता पूर्वीसारखी भरती आहे का, हा प्रश्न काकाजींना कधी पडलेला नाही. वणीकडे कोळसा आहे ना, मग नोकरीही असणारच.

यंदा मात्र एका पोरीनं त्यांची पंचाईत केली. "मले बी.एस्सी.ले गणित अन् स्टॅट घ्याचं आहे," म्हणाली. काकाजींनी चष्मा काढला. चष्मा काढणं म्हणजे प्रकरण गंभीर.

"स्टॅट म्हणजे सरासरी काढाची न? थे तं शाळेतच झालं. त्याच्यासाठी तीन वर्सं कायले घालवतं? अन् गणिताचं आयक. गणित घेतलं का मास्तर व्हा लागते. मास्तरले बी.एड., मंग टीईटी, मंग टेट, मंग पवित्र पोर्टल. तवरक केस पिकते."

यात अगदीच तथ्य नाही असं नाही. ती रांग खरोखर लांब आहे. पण गणित शिकलेल्या माणसाला त्याच रांगेत उभं राहावं लागतं, हा शोध काकाजींचा स्वतःचा. पुरावा म्हणून ते नात्यातला एक मुलगा दाखवतात. त्यानं गणितात बी.एस्सी. केलं आणि मोबाइलचं दुकान टाकलं. दुकान चांगलं चालतं, हे ते सांगत नाहीत. विरुद्ध बाजूचा पुरावा म्हणजे भाचा. "माया भाचा पाय. इंजिनेर झाला, पुन्याले गेला, प्याकेज घेऊन रायला." या भाच्याचं पॅकेज कंपनीत वाढो न वाढो, बाकावर दर वर्षी वाढतं.

आता याच काकाजींना सोयाबीन निघायच्या दिवसांत बघा. पीकविम्याचा विषय निघायचा अवकाश, की बाक हलतो. "मंडळातली चार वावरं कापली, अन् साऱ्या मंडळाचं नुकसान ठरोलं! मायं वावर पाह्यलं का कोनी? हे कोन्तं गणित आहे?"

प्रश्न रास्त आहे. मोजक्या शेतांतून साऱ्या मुलखाचं पीक ओळखायचं कसं, यावर आपल्या देशातली मोठी माणसं भांडली आहेत. कोलकात्याचे महालनोबिस लहान तुकडा कापावा म्हणत होते. पांडुरंग सुखात्मे म्हणाले, तुकडा लहान घेतला की काठावरची झाडं आत धरली जातात आणि उत्पन्न फुगून दिसतं. हे सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. जन्म १९११, शिक्षण फर्ग्युसनात, मग लंडन. पानसे आणि सुखात्मे यांचं शेतीच्या संख्याशास्त्रावरचं पुस्तक १९५४ मध्ये आलं आणि कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या वाचलं गेलं. शेत कोणाचं कापायचं हे साहेबाच्या मर्जीवर न सोडता रँडम नंबरवर सोपवायचं, आणि येणारा अंदाज किती चुकू शकतो तेही सांगायचं, ही त्या शास्त्राची गोम. काकाजींचं वावर न पाहताही मंडळाचा अंदाज बांधता येतो. फक्त निवड नीट हवी आणि वावरं पुरेशी हवीत.

पोरीनं हे पुस्तक वाचलेलं नसणार. पण डोकं त्याच वळणाचं.

"काकाजी, भाचे किती आहे तुमाले?"

"एकच."

"मंग एकाच वावरावरून साऱ्या तालुक्याचा विमा काहून ठरवून रायले?"

बाकावरची मंडळी हसली. काकाजींनी चहा सांगितला. पण हार मानतील तर ते काकाजी कसले! कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्था आहे, महालनोबिसांनीच १९३१ मध्ये काढलेली, प्रवेश परीक्षा पास झालं की पदवी शिकणाऱ्यांना ती विद्यावेतन देत आली आहे, असं कोणीतरी म्हणालं. काकाजी ताडकन उठले. "कालेज पोट्ट्याइले पैसे देते? फसोनूक आहे थे! आधारचा नंबर देऊ नोको."

काकाजींचं सोडा. गणित की संख्याशास्त्र, या प्रश्नाला काकाजींकडे उत्तर नाही, कारण त्यांच्या लेखी दोन्ही म्हणजे आकडेमोड. बी.एस्सी.च्या गणितात आकडे भराभर कमी होत जातात आणि 'सिद्ध करा' वाढत जातं. बारावीला सूत्रात किमती घालून शंभरपैकी पंच्याण्णव काढणारे इथं पहिल्याच वर्षी गडबडतात. ज्याला 'असं का' विचारल्याशिवाय झोप येत नाही, तो रमतो. संख्याशास्त्राला माहिती लागते, तीही अर्धवट, मळकी, कोणीतरी घाईत भरलेली. तिच्यातून काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही, हे तिथं शिकवतात. गणित कच्चं असेल तर दुसऱ्याही दारात डोकं आपटतंच.

माझं मत विचाराल तर पोरीनं दोन्ही मागितलं ते शहाणपणाचं. भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा यूपीएससी घेते आणि त्यासाठी पदवीला संख्याशास्त्र हा विषय किंवा त्यातली पदव्युत्तर पदवी असावी लागते. नुसत्या गणिताच्या पदवीवर अर्ज चालत नाही. हे कळायला पदवी हातात येईपर्यंत थांबू नये.

तेव्हा पालकहो, फॉर्म भरण्याआधी कॉलेजात स्वतः जा. संख्याशास्त्र तिथं आहे का, मेजर म्हणून मिळतं का, शिकवायला माणूस आहे का की नुसतं माहितीपत्रकात नाव आहे, हे विचारा. तिथं नसेल तर वणी, यवतमाळ, नागपूर पालथं घाला. शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठा, आणि एकाला नाही, आठदहा जणांना. काकाजींना विचारायचंच असेल तर वणीच्या गाडीची वेळ विचारा. ती ते बरोबर सांगतात.