किल्ली समोरच्या घरी मिळेल

इंग्लंडच्या खेड्यातलं जुनं चर्च पाहायला गेलेल्या माणसाला पुष्कळदा पहिलं दर्शन घडतं ते कुलपाचं. दारावर चिठ्ठी असते : किल्ली समोरच्या घरी मिळेल. समोरच्या घरातल्या आजीबाई किल्ली देतात, पण त्याआधी गळक्या छपराची कहाणी ऐकवतात. किल्ली वीतभर लांब, कहाणी त्याहून लांब. आत ओलसर वास, फुलं कोणी कधी आणायची याचं वेळापत्रक आणि अर्थातच छपरासाठी दानपेटी.

चर्च ऑफ इंग्लंडकडे अशी सुमारे 16,000 चर्च आहेत. देशातल्या इमारतींची नोंद करताना निकोलस पेव्हस्नर यांना 1951 ते 1974 एवढा काळ आणि 46 खंड लागले. त्यातला एखादा खंड काखोटीला मारून हिंडणारे शौकीन कमान नॉर्मन की गॉथिक यावरून तावातावानं भांडतात. भांडोत बापडे. खरी मजा गावकऱ्यांच्या चावटपणात आहे.

केंट परगण्यातल्या ब्रुकलँडचं घंटाघर चर्चच्या डोक्यावर नाही, शेजारी जमिनीवर उभं आहे. एकावर एक तीन लाकडी शंकू चढवल्यासारखं. दलदलीच्या जमिनीला वरचा भार पेलला नसता, असं जाणकार सांगतात. गावची दंतकथा वेगळी : एकदा लग्नाला खरोखरीची कुमारिका आली, आणि आश्चर्यानं घंटाघरानं खाली उडी मारली! आतलं बाप्तिस्म्याचं शिशाचं पात्रही नमुनेदार. सुमारे 1200 सालच्या या पात्रावर महिन्या-महिन्यांची शेतकामं आणि बारा राशी उठावात घडवल्या आहेत. म्हणजे बाळाला पाणी लावतानाच पत्रिकाही उरकायची सोय.

सफकमधल्या वेनहॅस्टनला तर कचऱ्यातून कयामत निघाली. 1892 मध्ये दुरुस्तीच्या वेळी चुना फासलेल्या जुन्या फळ्या आवारात फेकून दिल्या. रात्री पाऊस आला, चुना धुपला, आणि सकाळी फळ्यांवर अंतिम न्यायाचा दिवस उगवलेला! आत्मे तराजूत तोलले जाताहेत, सैतान बाजूला हुज्जत घालतोय. स्वर्गाच्या वाटेवर राजा आणि बिशप दोघेही उघडेनागडे. अंगावर चिंधी नाही, पण मुकुट आणि टोपी मात्र डोक्यावर शाबूत. धर्मसुधारणेच्या काळात हे सारं झाकलं गेलं होतं. इतकी वर्षं कुणाला न सुचलेलं काम एका सरीनं फुकटात केलं.

नॉरफोकच्या वॉलपोल सेंट पीटरमध्ये एक लाकडी खोका जपून ठेवला आहे, पहारेकऱ्याच्या चौकीसारखा. दफनाच्या वेळी पाऊस लागला की पाद्रीबुवा त्यात उभे राहत. शोकाकुल नातेवाइकांसाठी काही व्यवस्था केलेली दिसत नाही.

डर्बिशरमधल्या बॅसलोचं घड्याळ 1897 च्या राणीच्या हीरक महोत्सवाचं. त्याच्या एका तबकडीवर आकड्यांऐवजी ‘व्हिक्टोरिया’ची आठ इंग्रजी अक्षरं आणि 1897 चे चार अंक आहेत, बाराचा हिशेब बरोबर जुळला. चर्चमध्ये एक चाबूकही आहे. प्रार्थनेत घुसणारी कुत्री हाकलायला पूर्वी गावोगावी पगारी माणूस असे, आणि प्रवचनात पेंगणाऱ्यांना जागं करणंही कित्येकदा त्याच्याकडेच असे. चाबूक आता काचेआड आहे. प्रवचनं चालू आहेत.