खुत्स्पा आणि दस्ती

इंग्रजी शब्द साठवायचे आणि वेळ साधून चारचौघांत टाकायचे, हे माझं जुनं व्यसन. तंबाखू नाही, सुपारी नाही, त्यामुळे बायको एवढं खपवून घेते. सध्या माझ्याकडचा सगळ्यात उंची माल म्हणजे ‘खुत्स्पा’. मूळचा हिब्रू, यिडिश बोलणाऱ्या ज्यूंबरोबर अमेरिकेत गेला आणि तिथून इंग्रजी कोशात जाऊन बसला. निर्लज्ज उद्धटपणा, पण असा की बघणाऱ्याने आधी संतापावं आणि मग मनातल्या मनात सलाम ठोकावा. लिओ रोस्टेनने 1968 साली ‘द जॉइज ऑफ यिडिश’ या पुस्तकात त्याचा नमुना सांगितलाय. आईबापांचा खून करून कोर्टात उभा राहिलेला इसम न्यायाधीशापुढे हात जोडतो, की साहेब, दया करा, मी पोरका आहे. आपल्या शिरजोर चोराचा हा थोरला भाऊ.

या शब्दात एक परीक्षाही आहे. इंग्रजीत लिहिलेला पाहिला तर सुरुवातीला ‘च’ वाटतो. उच्चार मात्र घशातल्या ‘ख’चा. 2014च्या ‘हैदर’ सिनेमात शाहिद कपूर तो ‘च’ने उच्चारतो आणि तेव्हापासून बरीच शिकलेली मंडळी त्याच्या मागोमाग गेली. पुण्यातला माझा मावसभाऊ बँकेत मोठा अधिकारी, पण हा ‘ख’ त्याच्या घशातून निघत नाही. मी आदिलाबादचा. आमच्याकडे घसा वडिलोपार्जित. निजामाच्या राज्यात कचेरी उर्दू, 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. आजोबा तुकोबांचे अभंग मराठीत म्हणत आणि जमिनीचे कागद उर्दूत वाचत. हैदराबादी दखनीत तर उर्दूतल्या घशातल्या ‘क’चाही ‘ख’ होतो. समोरचा कबरीबद्दल बोलतोय की खबरीबद्दल, हे कळायला त्याचं पुढचं वाक्य ऐकावं लागतं. अशा मुलखात वाढल्यावर खुत्स्पा म्हणजे घरचं कार्य.

हत्यार तयार होतं. सावज तेवढं हवं होतं. ते आमच्या बसस्टँडवर रोज मिळतं.

इथे दस्तीबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रुमालाला आम्ही दस्ती म्हणतो. घाम पुसणं हा तिचा जोडधंदा. मूळ काम सीट धरणं. गाडी स्टँडात शिरून थांबायच्या आत तिच्या बाजूने पळत खिडकीतून दस्ती नेमकी सीटवर टाकायची. ती खाली पडली तर हक्क गेला. बरोबर मध्यभागी पडली तर एका दस्तीत दोन सीट मिळतात, असं मानणारा एक पक्ष आहे. दुसरा पक्ष हाणामारीवर येतो. चप्पल टाकलेली चालते, पण घराण्याची शोभा होते. पाण्याची बाटली घरंगळते. वर्तमानपत्र टाकू नये, लोक उचलून वाचायला घेतात आणि सीटही घेतात. पिशवी टाकणारा नवशिका. त्याच्या पिशवीवरच लोक बसतात. खरा जाणकार दस्ती टाकतो आणि निवांत चहाला जातो. परत आल्यावर सीटवर कोणी बसलेलं असलं तर तोंडाने बोलायचं नाही, दस्तीकडे फक्त बोट दाखवायचं. आणि नवल हे, की बसलेला उठतो! मी वकील उठताना पाहिलेत, एकदा तर फौजदार. पोलिसाशिवाय पाळला जाणारा आमच्याकडचा हा एकमेव कायदा. माझी दस्ती पांढरी, कडक इस्त्रीची, कोपऱ्यात नावाचं आद्याक्षर भरलेली. ती सीटवर पडली की सीटचीच इभ्रत वाढते, असं माझं मत आहे.

9 डिसेंबर 2023 पासून तेलंगणात महालक्ष्मी योजना आली. बायकांना बस फुकट. कंडक्टर त्यांना शून्य रुपयांचं तिकीट देतो. राज्याबाहेर जाणारी गाडी असली तर सरहद्दीपर्यंत शून्य, पैनगंगेचा पूल ओलांडला की पुढचे पैसे. एका रात्रीत गाड्या बायकांनी भरल्या आणि दस्तीचा जुना अंमल ढिला पडला. पुरुष मंडळी पारावर बसून कुरकुरू लागली, ‘‘फुकट बसतात आन् वर तोरा पाहा.’’ मीही कुरकुरत होतो; फक्त इंग्रजीत.

कापूस वेचणीचे दिवस होते. पांढरकवड्याची गाडी लागली. मी दस्ती टाकली, चहा घेतला आणि रुबाबात गाडीत चढलो. माझ्या सीटवर दीडेक वर्षाचं लेकरू बसलेलं. हातात माझी दस्ती, आद्याक्षराचा कोपरा तोंडात. मागून त्याची आई आली, डोक्यावर गाठोडं.

‘‘बाई, ही जागा धरलेली आहे. दस्ती टाकली होती मी.’’

‘‘हौ काका, पाह्यली नं. तुमी दस्ती टाकली, मी खिडकीतून लेकरू टाकलं. दस्ती उचलता येते. लेकरू उचलता का?’’

घशातला सगळा वडिलोपार्जित ‘ख’ एकवटून मी म्हणालो, ‘‘याला इंग्रजीत खुत्स्पा म्हणतात.’’

‘‘खोकला हाये का? मंग खिडकीपाशी नकाच बसू, वारा लागते.’’

गाडीभर हशा पिकला. तिने ओली दस्ती घडी करून परत दिली आणि बसली. मी दांडा धरून उभा राहिलो.

उभं राहिलं की बसलेली माणसं वेगळी दिसतात. आजवर ज्यांना उद्धट, उर्मट, निगरगट्ट म्हणून मी बोटं मोडली ती डोळ्यापुढे आणली. पगार वाढवून मागणारी मोलकरीण. कापसाचं वजन पुन्हा करा म्हणून अडून बसलेला शेतकरी. रांगेत मध्ये घुसल्याबद्दल मलाच हटकणारा पोरगा. सगळी उभी असलेली माणसं. उद्धटपणाची पदवी वाटायचं काम नेहमी बसलेल्याकडे असतं, आणि तो ती सहसा दुसऱ्या बसलेल्याला देत नाही.

जिवतीच्या डोंगरावरच्या परमडोली, मुकदमगुडा वगैरे गावांचे किस्से मी याच बसलेल्याच्या तोऱ्यात रंगवून सांगत असे. 1 नोव्हेंबर 1956 ला जुना आदिलाबाद जिल्हा फुटला. राजुरा आणि किनवट मराठी मुलखात गेले, आदिलाबाद तेलुगू राज्यात राहिलं. या गावांचं भांडण तेवढं शिल्लक उरलं. महाराष्ट्र त्यांना चंद्रपूर जिल्ह्यात धरतो, तेलंगणा केरामेरी मंडलात. हे मंडल आधी आमच्या जिल्ह्यात होतं, 2016पासून आसिफाबादेत. म्हणून शाळा दोन, एक मराठी, एक तेलुगू. मतदानाची ओळखपत्रं दोन, रेशनकार्डं दोन. निवडणूक आली की पेपरात फोटो येतो, बातमी होते, आणि शहरातले आम्ही हसतो, की काय हा खुत्स्पा, दोन्हीकडे मत, दोन्हीकडे तांदूळ!

पण त्याच गावांतले लोक वर्षानुवर्षं एक रडगाणं गात आलेत आणि त्याला कोणी हसत नाही. जमीन कसतो, पण मालकीचा पट्टा नाही. दोन्ही सरकारांनी खिडकीतून आपापली दस्ती टाकली आणि चहाला गेली. 1956 पासून चहा काही संपत नाही. दोघांचाही हक्क शाबूत. बसायला जागा मात्र ज्याला हवी होती तो उभाच. दोन कार्डं हा त्या लोकांचा माज नव्हे, उभ्या माणसाने दोन्ही दांडे धरून ठेवलेत, एवढंच. एक हातातून सुटला तर दुसरा असावा.

तेव्हा दोन रेशनकार्डांवरून त्यांना निर्लज्ज म्हणायची ज्याला घाई असेल, त्याने आधी त्यांच्या हातात शेताचा एक पट्टा ठेवावा. मग खुशाल इंग्रजीत बोलावं.