दहा बाय बाराच्या जनकास

प्रति,
मा. नियोजनकार साहेब
(व्यापारी संकुले, शटर व अतिक्रमण निर्मूलन)
मुक्काम : जिथे कुठे नकाशे मंजूर होतात तिथे

विषय : छोट्या धंदेवाल्यांना परवडेल अशी जागा कुठेही राहू न दिल्याबद्दल आभार.

साहेब,



आपलं नाव मला ठाऊक नाही. कोनशिलेवर आमदारांचं असतं, पालकमंत्र्यांचं असतं, आपलं कुठेच नसतं. इतका प्रसिद्धीपराङ्मुख माणूस या राज्यात दुसरा नसेल. पण आपला हात लगेच ओळखू येतो. एसटीतून कुठल्याही तालुक्याच्या गावी उतरावं, समोर आपलं संकुल उभं : खाली दहा-बारा गाळे, वर तेवढेच, मधून अरुंद जिना आणि वरच्या मजल्यावर कबुतरं. कबुतरांना परवडणारी जागा देण्याचं आपलं धोरण शंभर टक्के यशस्वी झालंय, हे आधीच कबूल करतो.

माझा धंदा वेल्डिंगचा. दुसरबीडला, जुन्या नागपूर-मुंबई रोडच्या कडेला, चार पत्रे आणि एक ताडपत्री. आपल्या संकुलातला गाळा दहा बाय बारा. लोखंडाचा अँगल, पाइप येतो वीस फुटी. तो गाळ्यात आडवा मावत नाही, उभा मावत नाही. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरपा टाकला तरी साडेपंधरा फुटांच्या फारसं पुढे गणित जात नाही. उरलेले साडेचार फूट शटरबाहेर, म्हणजे रस्त्यावर. त्याला आपण अतिक्रमण म्हणता. ट्रॉलीचं तर नावच काढायला नको. मृगाच्या तोंडावर पेरणी यंत्राचे फण बसवून घ्यायला ट्रॅक्टरांची रांग लागते. तेव्हा समोरच्या शेतकऱ्याला काय सांगू, 'काका, यंत्र घेऊन जिन्यानं वर या'?

आपल्या लेखी धंदा म्हणजे काउंटर, काचेचं कपाट आणि गल्ला. जो विकतो तो व्यापारी. जो ठोकतो, जोडतो, कापतो, ज्याच्याकडे ठिणग्या उडतात आणि आवाज होतो, त्याच्यासाठी आपल्या नकाशात रंगच नाही. सुताराचा रंधा, गादीवाल्याचं पिंजणयंत्र, पत्र्याच्या पेट्या करणारा, रेडिएटरचा टाका मारणारा ही सगळी मंडळी आपल्या कागदावर जन्माला यायचीच राहिली.

बरं, गाळा बांधून झाला की त्याचा जाहीर लिलाव. सर्वाधिक बोली, आणि वर अनामत. अनामत अशी की तेवढी रक्कम हातात असती तर आम्ही गाळा कशाला, प्लॉटच घेतला असता. त्यामुळे बोली कोण जिंकतं, हे ढोल वाजण्याआधीच गावाला माहीत असतं. ज्यानं जन्मात हातोडा धरला नाही, असा कुणीतरी तीन गाळे उचलतो. एक पोटभाड्यानं देतो, कागदावरच्या भाड्याच्या दुप्पट-तिपटीनं. दोन बंद ठेवतो, कारण भाव वाढणार आहे. हे दुसरबीडचं म्हणत नाही, कुठल्याही गावाचं म्हणा. शटरला गंज चढतो, आणि त्याच शटरच्या पायरीवर चपला शिवणारा बसलेला असतो. त्याला पायरीचंही भाडं पडतं, आणि त्याची पावती मिळत नाही.

सरकार आमच्यावर प्रेम करत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. १७ सप्टेंबर २०२३ला पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा प्रकारच्या कारागिरांची यादी, त्यात लोहार, सुतार, शिंपी, चांभार, न्हावी तर आहेतच, शिवाय होडी बांधणारा आणि चिलखत करणारादेखील आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या समस्त चिलखतकारांच्या वतीनं आभार. अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत, आधी एक लाख आणि मग दोन लाखांचं कर्ज, पाच टक्क्यांनी. चांगली योजना आहे, हे टोमणा म्हणून म्हणत नाही. फक्त ते अवजार ठेवायचं कुठं, एवढं एक वाक्य त्यात राहून गेलं. पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगार योजनेत कर्ज काढायला जावं तर प्रकल्पाच्या खर्चात जमिनीची किंमत धरता येत नाही. शेडचं भाडं धरता येतं, तेही तीन वर्षांपुरतं. पण शेड कुणी भाड्यानं देईल तेव्हा ना.

वीज मागावी तर जागेचा कागद आणा. कागद मागावा तर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नाव कुठंय? गावठाणात जागा शिल्लक नाही, शेतातला तुकडा धंद्यासाठी वापरायचा तर कागदांच्या फेऱ्यांतच भांडवल संपतं. ई-क्लासच्या सरकारी जमिनीवर बसलो तर महसूलवाले येतात, रस्त्याकडेला बसलो तर बांधकामवाले. रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी २०१४ साली कायदा झाला, पथविक्रेता समित्या आल्या, सर्वेक्षण झाल्याशिवाय उठवायचं नाही असं ठरलं. वाचून डोळे भरून आले. मग कळलं, तो महापालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीत बसणाऱ्याला उठवायला एक जेसीबी पुरतो.

आता समृद्धी महामार्गाचं. ७०१ किलोमीटर, आणि ५ जून २०२५ला शेवटचा तुकडाही खुला झाला. रस्ता देखणा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण दोन्ही बाजूंनी कुंपण. कडेला पंक्चरवाल्यानं बसायची सोयच नाही. लांबची गाडी तिकडं गेली, जुन्या रोडवरचं आमचं गिऱ्हाईक तिच्याबरोबर गेलं. त्याच्या भरपाईसाठी म्हणे महामार्गालगत नवनगरं वसणार आहेत, आमच्या सिंदखेड राजा तालुक्यातही सावरगाव माळच्या बाजूला. त्या नकाशात शीतगृह असेल, लॉजिस्टिक पार्क असेल, उद्यान असेल. लोहाराच्या भात्याला जागा असेल का, एवढंच विचारायचं होतं. आणि रिकामं छप्पर पाहायचं तर लांब जायला नको. जिजामातांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना इथंच, दुसरबीडला. वर्षानुवर्षं बंद राहिलेला. छपराखाली काम नाही आणि कामावर छप्पर नाही, असा हा आमचा भाग.

आपण म्हणाल, स्वस्तात जागा देणं हे कुठल्या नियोजनात बसतं? पेशवाईतल्या नियोजनात बसत होतं. नवी पेठ वसवायची तर आधी कौल द्यायचे : या, दुकान मांडा, काही वर्षं कर माफ. त्याआधी गावोगाव लोहाराला, सुताराला जागा होतीच. ती जातीला बांधलेली होती, ती पद्धत परत यावी असं कुणी शहाणा म्हणणार नाही. ती गेली ते उत्तमच, पण तिच्याबरोबर जागाही गेली. आणि आपल्याला परदेशाचंच पटत असेल तर लंडनच्या २०२१च्या आराखड्यात ई-३ नावाचं धोरण आहे, बाजारभावापेक्षा कमी भाड्यानं कामाच्या जागा राखण्याचं. तिथंही जागा महागच आहे. निदान कागदावर एक ओळ आहे.

आम्हाला संकुल नको, साहेब. जिना तर मुळीच नको. एक सिमेंटचा ओटा द्या, वर पंधरा फूट उंच पत्रा, बाजू उघड्या, ट्रॅक्टर वळेल एवढं अंगण. थ्री-फेज मीटर ज्याच्या त्याच्या नावानं. लिलाव नको, जे हातानं काम करतात त्यांच्यातच चिठ्ठ्या टाका आणि भाडं महिन्याला घ्या. अनामत एका महिन्याची. तीन महिने ओटा रिकामा दिसला की दुसऱ्याला. पोटभाडं सापडलं की दोघंही बाहेर. नवनगराच्या नकाशात असे ओटे आत्ताच आखून घ्या, नंतर तिथं उद्यान होतं.

हे सगळं बांधायला ठेकेदाराचा फारसा फायदा नाही, ही या सूचनेतली मोठी खोट मला मान्य आहे. पत्रा आणि अँगल मात्र आम्हीच जोडून देऊ, मजुरी बाजारभावानं.

आपला नम्र,
एक अतिक्रमणधारक
मु. पो. दुसरबीड, ता. सिंदखेड राजा, जि. बुलढाणा