कोण वापरतंय, ते तरी सांगा!

(‘हे उपकरण सध्या वापरात आहे’ या विंडोजच्या संदेशास अनावृत पत्र)

वेस्ट मांबलम, चेन्नई

मा. संदेशमहोदय,

स. न. वि. वि.

आपला मुक्काम पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी. आमचा मांबलम स्टेशनच्या पश्चिमेला. गाठ रोज पडत नाही. आपण दर्शन देता ते फक्त नकार द्यायला : ‘हे उपकरण सध्या वापरात आहे. ते वापरणारे प्रोग्रॅम किंवा विंडो बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा.’ भाषा इतकी सभ्य, की रागावायचीही चोरी.

इथली हकीकत आपल्या कानावर घालतो. आमच्या गल्लीत साठी उलटलेला प्रत्येक गृहस्थ ‘मामा’. वरच्या मजल्यावरचे मामा तंजावरी मराठी. घरात मराठी, दारात तमिळ, आणि जन्म बँकेत गेल्यामुळे संताप इंग्रजीत. मुलगा अमेरिकेहून येतो तेव्हा बदामांच्या पिशव्यांबरोबर नातवंडांच्या फोटोंची हार्ड डिस्क ठेवून जातो. संध्याकाळची कॉफी झाली की मामा फोटो बघतात, मग कोपऱ्यातला बाण दाबून ‘इजेक्ट’ म्हणतात आणि आपण प्रकट होता. मामा फोटो बंद करतात. आपण आहातच. ब्राउझर मिटतात, पंचांगाची पीडीएफ मिटतात, कॅल्क्युलेटरसुद्धा मिटतात. आपण आहातच. शेवटी व्हिडिओ कॉल लागतो. तिकडे सकाळचे दात घासत असलेला मुलगा तोंडात ब्रश ठेवूनच ओरडतो, ‘अप्पा, ओढू नका!’ मामांचा हात केबलवर असतो, एवढं त्याला न दिसताही कळतं.

नकार देण्याचा आपला हक्क आम्ही नाकारत नाही. मामांना तर तो पटतोच. पासबुकात नोंद पडल्याशिवाय पैसे जमा झाले असं ते मानत नाहीत, आणि इथे नेमकं तेच घडतं. हिरवी पट्टी शेवटाला पोचते, ‘कॉपी झाली’ असा आपला समज होतो, पण शेवटचा काही मजकूर अजून संगणकाच्या स्मृतीतच रेंगाळत असू शकतो. सवडीने डिस्कवर उतरवू, असा संगणकाचा हिशेब. तेवढ्यात केबल निघाली तर पैसे घेतले, पावती नाही. एनटीएफएस पद्धतीने बांधलेल्या डिस्कवर बदल आधी एका रोजनाम्यात टिपले जातात, त्यामुळे निदान डिस्कची मांडणी सावरता येते. बाजारातले पेन ड्राइव्ह बहुतेक फॅट३२ किंवा एक्सफॅटचे. त्यांना असा रोजनामा नाही. तिथे फाइलीचं नाव दिसतं आणि आत काहीच नसतं.

मामांची डिस्क फिरत्या तबकडीची आहे. मिनिटाला ५,४०० फेरे, आणि वाचणारं हेड तबकडीपासून केसाच्या जाडीच्या अंशाएवढ्या अंतरावर तरंगत असतं. वीज अचानक तुटली तर तबकडीच्या उरलेल्या फिरकीतून वीज काढून हेड बाजूच्या उतारावर नेऊन टेकवतात. ही सोय ज्याने केली त्याला दंडवत. पण ती अडीअडचणीसाठी आहे. रोज उठून चालत्या डिस्कची केबल उपटायला नव्हे.

उपटणाऱ्यांची वाण इथे नाही. लेक व्ह्यू रोडवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानातला पोरगा पाहा. शास्त्रीबुवा स्कूटरवरून उतरतात, जानव्याला किल्ल्यांबरोबर अडकवलेला पेन ड्राइव्ह सोडवतात, पोरगा तो खुपसतो, गृहप्रवेशाच्या पत्रिकेच्या पन्नास प्रती काढतो आणि पेन ड्राइव्ह असा उपटतो, की आपल्याला तोंड उघडायलाही सवड मिळू नये. आणि होत काहीच नाही! कारण त्याने फक्त वाचलेलं असतं, लिहिलेलं काही नसतं. शिवाय ऑक्टोबर २०१८ मध्ये निघालेल्या विंडोज १०च्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरून जोडलेल्या डिस्कसाठी ‘झटपट काढा’ हेच धोरण मूळचं ठरलं. लिखाण शिल्लक ठेवू नये, लगेच उतरवावं, असं. म्हणजे लिखाण चालू नसेल तर आपल्या परवानगीवाचून चालतं, हे आपल्याच घरच्यांनी मान्य केलं. आमच्या भागातलं तळं बुजवून त्यागरायनगर वसवलं, तरी रस्ता अजून लेक व्ह्यूच. तसे आपणही राहा, हरकत नाही.

आमचं भांडण वेगळंच आहे. ‘वापरात आहे’ म्हणता, पण कोणाच्या? फोटोंचे छोटे नमुने करणारा एक्सप्लोरर? शोधासाठी फाइली चाळणारा इंडेक्सर? प्रत्येक फाइलीचा वास घेत फिरणारा अँटिव्हायरस? तोंडावर सांगत नाही. पण माहीत असतं! इव्हेंट व्ह्यूअर नावाच्या दप्तरात, सिस्टीमच्या नोंदींत, २२५ क्रमांकाखाली आपण गुपचूप लिहून ठेवता : अमुक प्रोग्रॅमने, अमुक प्रोसेस क्रमांकाने डिस्क काढू दिली नाही. सगळा पंचनामा तयार, फक्त तक्रारदाराला प्रत द्यायची नाही. मामांच्या मुलाने एकदा तिकडून ते दप्तर उघडायला लावलं. प्रोसेस क्रमांक ४. हा ४ कोण, म्हणून चौकशी केली, तर साक्षात सिस्टीम. दुसऱ्या खेपेला गुन्हेगार धरायला टास्क मॅनेजर उघडला, आणि डिस्कच्या वेगाचा आलेख काढता काढता त्यानेच डिस्क धरून ठेवली होती.

आमच्या वीज मंडळाकडून धडा घ्या. दुरुस्तीसाठी सकाळी ९ ते दुपारी २ वीज बंद ठेवायची असली तर आदल्या दिवशी पेपरात भागांची आणि रस्त्यांची नावं येतात. लोक शिव्या देतात, पण मिक्सर आधी फिरवून घेतात. आपल्या बिरादरीतही उदाहरणं आहेत. लिनक्सवाला ‘बिझी आहे’ म्हणून हात झटकतो खरा, पण ‘एलसॉफ’ या आज्ञेने विचारलं की नावं ओकतो. मॅकवाला कधीकधी प्रोग्रॅमचं नाव सांगतो आणि जबरदस्तीने काढायचं बटणही पुढे करतो. (त्याची दुसरी खोड वेगळी : केबल निघून गेल्यावर ‘डिस्क नीट काढली नाही’ म्हणून सुनावतो. त्याचं काय करायचं ते त्याच्या पत्रात लिहू.)

सबब मागणी एकच : २२५च्या नोंदीतलं नाव उचलून पडद्यावर ठेवा. क्रमांक ४ असला तर ‘मीच’ असं कबूल करा. तोवर मामांनी तोडगा काढला आहे. संगणक शट डाऊन करतात, डिस्कचा दिवा विझून आतली घरघर थांबेपर्यंत विष्णुसहस्रनाम म्हणतात, आणि मग केबल काढतात. दहाव्या श्लोकापुढे अजून कधी जावं लागलं नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
खालच्या मजल्यावरचा भाडेकरू

ता. क. : आपला नकार ‘ओके’ म्हणेपर्यंत पडद्यावर ठाण मांडून बसतो, आणि ‘आता काढा’ ही परवानगी मात्र काही क्षणांत विरते. मामांना चष्मा शोधायला त्याहून जास्त वेळ लागतो. उलट करता आलं तर पाहावं.