भाऊजींची व्हॅन काही खात नाही

"आपल्या व्हॅनले खर्चच नाही जी," असं भाऊजी म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या वहीत तसा लेखी पुरावा आहे.

आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही वॉर्डात असा एक भाऊजी सापडतोच. रिटायर मास्तर, नाही तर शेती मक्त्यानं देऊन मोकळा झालेला. दारापुढे कडुनिंब, त्याखाली पांढरी मारुती व्हॅन. पांढरी हे आरसी बुकात लिहिलंय म्हणून म्हणायचं. ही व्हॅन १९८४ मध्ये बाजारात आली, १९८८ मध्ये तिचं ओम्नी असं बारसं झालं आणि २०१९ मध्ये ती बनायची थांबली. यातली पहिलीच घटना भाऊजींना मान्य आहे. बारशाला ते गेले नव्हते आणि शेवटची बातमी त्यांना विरोधकांनी उठवलेली वाटते.

आमच्या ताईच्या घरची व्हॅन १९९४ ची, एमएच ३२ पासिंग, सेकंडहँड घेतलेली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली. वर्ध्याचा पारा पंचेचाळिशीला टेकला की पुढे बसणाऱ्याला वरून ऊन आणि खालून इंजिन. ही जागा मानाची म्हणून जावयाला देतात. कोणत्या जावयाला, ते सासऱ्याच्या मनावर असतं.

सरकत्या दाराचे रोलर झिजलेत. दार आधी थोडं उचलायचं, मग मागे ढकलायचं, मधे अडलं की गुडघा द्यायचा. हिंदी सिनेमातले गुंड याच व्हॅनमधून माणसं पळवतात. ते रोज ग्रीस लावत असले पाहिजेत, कारण आमचं दार लागेपर्यंत पळवलेला माणूस चहा पिऊन घरी गेला असता. गिअरच्या लिव्हरचं बुश ढिलं झालंय, रिव्हर्स शोधावा लागतो. म्हणून भाऊजी गाडी अशी लावतात की मागे घ्यायचं कामच पडू नये. क्लच सोडला की प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसमधून 'टक्' असा आवाज येतो. भाऊजी त्याला आवाज म्हणत नाहीत. "निघाली म्हणून सांगून राहिली ते," म्हणतात.

आता वहीचं. 'व्हॅन' या पानावर फक्त पेट्रोल लिहायचं, असा भाऊजींचा दंडक आहे. बाकीचा खर्च ज्या कामात झाला त्या कामाच्या नावावर जातो. शेजारच्या आजीला रात्री सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचं होतं आणि सेल्फ नुसताच कण्हला. दुसऱ्या दिवशी आणलेली बॅटरी 'दवाखाना' या पानावर. साळ्याच्या लग्नात फिरून फिरून क्लचप्लेट जळाली, ती 'लग्न-आहेर'मध्ये. केळझरच्या गणपतीला जाताना हेड गॅस्केट गेलं आणि ऑइलमध्ये पाणी मिसळून त्याचा दुधाचा चहा झाला. तो सगळा हिशेब 'देवदर्शन' खाली. मडगार्डचा सडलेला पत्रा 'घरदुरुस्ती'त, का, तर वेल्डिंगवाला घराच्या गेटसाठीच आला होता. असं करत करत व्हॅनचं पान निर्मळ राहतं, आणि गणपती मात्र या घराला फार महाग पडलेला दिसतो.

मागच्या मे महिन्यात लग्न होतं कारंजा (घाडगे) ला. आर्वीहून आत्याबाईंना घेतलं, तळेगाव सोडलं आणि सत्याग्रही घाटात व्हॅन दोनदा ठसकली, मग गप्प झाली. भाऊजी शांतपणे उतरले. "पेट्रोल उकळलं," म्हणाले. चहाबद्दल बोलावं तसं. उन्हानं नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, मग पंप नुसती वाफ ओढत बसतो आणि कार्बोरेटर उपाशी राहतो. त्यांनी मला सीटवरून उठवलं, सीट उलटी केली आणि आत्याबाईंच्या हातातली थंड पाण्याची बाटली काढून घेतली. खांद्यावरचा दुपट्टा भिजवला, घडी केली आणि तापलेल्या पंपावर अशा मायेनं ठेवला, की तापात ताईच्या कपाळावर कधी ठेवल्याचं मला आठवत नाही. चर्र झालं. दुपट्टा बघता बघता वाळला. पुन्हा भिजवला. आत्याबाईंचं पाणी संपलं.

मग मिस्त्रीला फोन.

"किती जण बसले, भाऊजी?"

"पाच."

"खरे सांगा."

"लहान पोट्टे धरून नऊ."

"मंग इंजनाचं काय चुकलं जी?"

वीस मिनिटांनी ती सुरू झाली. वरात निघून गेली होती, जेवणं व्हायची होती. भाऊजींच्या मते वेळेवर पोचलो.

विकायचं नाव काढायची सोय नाही. भंगारवाला त्या दारापुढे गाडा थांबवतो आणि व्हॅनकडे नुसता बघतो, तरी भाऊजी अंगावर धावून जातात. दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी आली, हे वाचल्यापासून दिल्लीच्या नातेवाइकांशी ते जरा तुटकच बोलतात. परवा नवी सरकारी नंबरप्लेट बसली, ७४५ रुपये अधिक जीएसटी. आता तिच्या चकाकीपुढे उरलेली गाडी जास्तच जुनी दिसते, म्हणून भाऊजींनी प्लेटला थोडी माती लावली.

खरा पेच पडला २०२४ मध्ये. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करावी लागते. २०१९ ला तिची फी होती ६०० रुपये. एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली होती, वर पर्यावरण कर ३,००० चा. पासिंगला गाडी दाखवायची म्हणून ब्रेक, दिवे, दोन टायर. ना कुणाचं लग्न, ना आजारपण, ना देव. भाऊजी चार दिवस वही घेऊन बसले होते.

त्या महिन्याच्या शेवटी ताईनं मला फोन केला. "तांदूळ घरचा, डाळ घरची. मंग किराण्याचे एवढे पैसे कशाचे झाले रे?"