खोडवा

उसाचा पहिला तोडा गेला की त्याच बुडख्यांतून जो दुसरा ऊस फुटतो, त्याला खोडवा म्हणतात. त्याला बेणं लागत नाही, सऱ्या पाडाव्या लागत नाहीत, लागणीची मजुरी वाचते. म्हणून शेतकरी खोडव्यावर खूश असतो आणि त्याच कारणानं त्याच्याकडं कुणी फारसं बघतही नाही. आला तर आला.

माणसांतही असं दुसऱ्यांदा फुटणारं पीक असतं. पंचेचाळिशी उलटली की ते वर येतं. कॉलेजातला कवी पुन्हा वही काढतो, तालमीतला जुना पैलवान ट्रंकेत लांग शोधतो (सापडते, बसत नाही). पण या सगळ्यांत जास्त पेट्रोल पिणारा वाण म्हणजे पुन्हा मोटारसायकलची रेस खेळायला निघालेला गृहस्थ. कोल्हापुरात हा वाण चांगला येतो. एक आमच्या घरातच आहे. माझे दाजी.

दाजी ४८ वर्षांचे. पतसंस्थेत वसुली अधिकारी, शिवाय दीड एकर ऊस. वीस वर्षं थकबाकीदारांच्या मागं मोटारसायकल घातल्यामुळं आपला सराव कधी तुटलाच नाही, असं ते सांगतात. फरक एवढाच की थकबाकीदार त्यांना बघून पळतो आणि रेसमधली पोरं त्यांना न बघताच पळतात.

१९९८ साली, लग्नाआधी, दाजी एका मातीच्या ट्रॅकवर तिसरे आले होते. त्याचा पितळी कप घरात आहे. वरचा मुलामा कधीच गेला. ताईनं तो देवघरात ठेवलाय, त्यात फुलवाती असतात. अंघोळ झाली की दाजी तिथं हात जोडून उभे राहतात. हात देवाला जोडतात की कपाला, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

या रोगाचं पहिलं लक्षण आम्हाला कळलंच नाही. एका रविवारी ते गोठ्यात गेले आणि गाडीवरची ताडपत्री ओढली. सीटवर कोंबडी बसली होती, तिच्याखाली दोन अंडी. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारणीनं मातीचं घर केलं होतं. अंडी ताईकडं गेली, घर काडीनं कोरून काढलं आणि दहा-बारा किका मारल्यावर निळ्या धुरात म्हैस दिसेनाशी झाली. धुरातून बाहेर आले तेव्हा दाजींचा चेहरा एकवीस वर्षांचा होता. गुडघा मात्र ४८ चाच राहिला. त्या दहा-बारा किकांमुळं त्याला पुढं आठवडाभर शेक घ्यावा लागला.

गाडी यामाहा आरएक्स १००. आपल्याकडं ती १९८५ ते १९९६ एवढीच निघाली. दाजींची शेवटच्या सालातली. ९८ सीसी, अकरा घोडे, वजन शंभर किलोच्या आसपास. कमी वजनावर एवढी ताकद, म्हणून एका पिढीच्या पोरांनी हिच्यावर जीव टाकला. दोन-तीन पिढ्यांच्या आयांनी हिला शिव्या घातल्या. धुराचे नियम आले आणि टू-स्ट्रोकचा जमाना गेला. आता बरी आरएक्स असेल तर लाखभर सांगतात. हे दाजींनी ताईला अभिमानानं सांगितलं. ती चूक होती.

"लाख? मग विका की," ताई म्हणाली. "बाथरूमच्या फरश्या बदलून घेतो."

ताई अस्सल कोल्हापूरची असल्यामुळं 'घेतो' म्हणते. आणि म्हणाली की घेतेच.

तेव्हापासून दाजींचा सगळा रेसिंग विभाग भूमिगत झाला. बजेटमधल्या रेसिंगबद्दल लोक टायर-पेट्रोलचं बोलतात. खरी कला हिशोबात असते. दाजींनी शेतीच्या वहीचा आधार घेतला. खोडव्याच्या पानावर खर्च घालायचा, पण भाव जुळवून. चेन-स्प्रॉकेटचा सेट १,३५० ला मिळाला, तो 'डीएपी, १ पोतं' म्हणून लिहिला. डीएपीचं पोतं १,३५० लाच येतं. इतकी स्वच्छ नोंद पतसंस्थेच्या ऑडिटरलाही सापडली नसती. बटणाचे टायर 'तणनाशक व फवारणी' झाले. क्लचप्लेटा 'भांगलण, बायका ४' झाल्या. मग दाजींना आत्मविश्वास आला, आणि कार्बोरेटर दुरुस्तीचे १,४०० त्यांनी घाईत 'युरिया, १ पोतं' म्हणून टाकले.

ताई वही घेऊन अंगणात आली.

"युरियाचं पोतं २६६ ला मिळतंय. तुमाला १,४०० ला कुणी दिलं? सोसायटी का सोनार?"

दाजी गप्प.

"आणि खोडव्याला एवढं खत घालतंय कोण? मी काल बघून आलो. वाड्यागत पिवळा पडलाय. एवढं डीएपी खाऊन तिथं वेळूचं बन उठायला पायजे हुतं."

त्यानंतर त्या घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी ताईनं नवीन पान काढलं, वर 'गाडी' असं लिहिलं आणि खाली रक्कम घातली: ९,०००. वर्षाचे. ह्याच्यात काय करायचं ते करा, खोडव्याला हात लावायचा नाही.

नऊ हजारांत रेस खेळायची तर माणसाला जग वेगळं दिसायला लागतं. दाजींना त्यांचे थकबाकीदार वेगळे दिसायला लागले. उद्यमनगरात त्यांचा एक मिस्त्री आहे. कोल्हापूरचं उद्यमनगर म्हणजे ऑइल इंजिनं ओतून आणि घासून मोठं झालेली वस्ती. तिथं लेथवर काय होत नाही ते विचारायचं. या मिस्त्रीचे सात हप्ते थकलेले. दाजींनी व्याजातला एक रुपया सोडला नाही, ते त्यांच्या रक्तात नाही. फक्त वसुलीला गेल्यावर दारातून मोठ्यानं नाव घेणं बंद केलं. मिस्त्री गहिवरला. त्यानं हेड लेथवर थोडं उतरवलं, म्हणजे कॉम्प्रेशन वाढतं. पोर्ट घासून दिले. बोअर मारताना मात्र कॅलिपर बाजूला ठेवून तो थांबला.

आरएक्सचा बोअर मुळात ५० मिलिमीटर. सिलेंडर घासला की थोडा मोठा बोअर मारायचा आणि वरच्या साईझचा पिस्टन घालायचा: पाव, अर्धा, पाऊण, एक. दाजींचं पाऊण १९९९ सालीच वापरून झालं होतं.

"दाजी, हा एकचा पिस्टन. ह्याच्यापुढं साईझ न्हाई. पुढच्या खेपंला नवा स्लीव्हच घालायला लागंल."

दाजींनी आणखी वजन कुठं कमी करता येईल ते विचारलं. हेडलाईट, इंडिकेटर, आरसे, साईड स्टँड असं सगळं आधीच काढून ठेवलं होतं. मिस्त्रीनं गाडीभोवती एक फेरी मारली, हात पुसले.

"गाडीतनं काढायजोगं आता काय ऱ्हायलं न्हाई. जे काढायचंय ते वर बसतंय."

दाजींचं वजन ९१.

मग कागद. रेसला लायसन्स लागतं, लायसन्सला डॉक्टरचा दाखला. आमचे घरचे डॉक्टर गेली तीस वर्षं गल्लीला तपासतात. दाजींनी 'शर्यतीत भाग घेण्यास सक्षम' एवढं लिहून मागितलं.

"चांगलं केलंत," डॉक्टर म्हणाले. "या वयात चालायला पाहिजेच. किती किलोमीटरची?"

"आठ फेऱ्या हाईत," दाजी म्हणाले. यात खोटं काही नव्हतं.

ताईनं मेडिक्लेमची पॉलिसी बाहेर काढली आणि चष्मा लावून बारीक अक्षरांपर्यंत गेली. मोटारची शर्यत असल्या धोक्याच्या खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेताना इजा झाली, तर कंपनी पैसे देत नाही, असं तिथं छापलं होतं. दाजींचं तोंड उतरलं.

"व्यावसायिक म्हणून," ताईनं तो शब्द पुन्हा वाचला, मग नवऱ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "जावा बिनघोर. तुमाला कोण व्यावसायिक म्हणतंय?"

सराव आमच्याच शेतात. तोडणी होऊन गेलेल्या शेजारच्या तुकड्यात दाजींनी पेंढ्या टाकून वळणं आखली. मी घड्याळ धरून बांधावर बसायचो. मेव्हण्याला दुसरा पर्याय नसतो. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात. लिटरला तीस मिली असं मिस्त्रीनं सांगितलं होतं. माप म्हणून दाजींनी वडिलांच्या खोकल्याच्या औषधाचं झाकण उचललं. ते दहा मिलीचं. म्हणून दर लिटरला तीन झाकणं, पण तिसरं झाकण टाकताना कुणी हाक मारली की मोजणी पहिल्यापासून. कधी गाडी धुरानं भरायची, कधी तापून अडकायची आणि घरात म्हातारा ऑइलच्या वासाचं औषध पीत बसायचा. त्यानं कधी तक्रार केली नाही. खोकला थांबला, एवढंच म्हणाला.

चौथ्या फेरीला दाजींचे हात भरून यायचे. कोपरापासून मनगटापर्यंत दगड. क्लच दाबायला बोटं वळायची नाहीत. कुस्तीतले लोक हे ओळखतात. तरुण पोरं म्हणतात, काका, हँडल एवढं आवळू नका, गुडघ्यानं टाकी धरा. पण ज्यानं आयुष्यभर सगळं आवळूनच धरलं, त्याला सैल सोड म्हणणं सोपं आणि सोडणं अवघड.

रेस पुण्याजवळ होती. गाडी न्यायला छोटा हत्ती ठरवायचा तर निम्मं बजेट डिझेललाच गेलं असतं. पण एका थकबाकीदाराचा टेम्पो मार्केट यार्डातून गूळ घेऊन पुण्याला, गुलटेकडीला जाणार होता. तीस-तीस किलोचे रवे, वर ताडपत्री, आणि रव्यांच्या मधे दोरीनं बांधलेली आरएक्स. सव्वादोनशे किलोमीटर आम्ही ड्रायव्हरशेजारी बसून गेलो. दाजी रात्रभर उत्साहात. एका ढाब्यावर चहा प्यायला उतरले आणि ताडपत्री उचलून गाडीला दोनदा हात लावून आले.

सकाळी गाडी उतरवली तेव्हा ती काळी नव्हती, हलत होती. मुंग्या. हँडलवर, टाकीवर, चेनच्या प्रत्येक कडीवर. उन्हाळ्यात गूळ पाघळतो, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगायला लागत नाही. पण रेसच्या नादात कोल्हापूरचा माणूसही विसरतो.

तपासणीच्या टेबलावर एक कडक गृहस्थ होते. थ्रॉटल सोडल्यावर आपोआप मागं येतो का, लिव्हरच्या टोकाला गोळी आहे का, किल स्विच चालतो का, सगळं बघितलं. गाडी पास झाली. त्यांनी एक मुंगी झटकली, मग खाली दाजींच्या पायाकडं बघितलं.

"हे काय?"

"बूट."

"हे गमबूट आहेत."

"गुडघ्यापर्यंत हाईत की," दाजी म्हणाले. नियमात तेवढंच लिहिलंय, असा त्यांचा समज होता. उसाला पाणी पाजताना घालायचे ते गमबूट. त्यांत वेलीचं एक पान अजून चिकटलेलं.

शेवटी त्यांच्याच गटातल्या एका एकोणीस वर्षांच्या पोरानं आपला जादा जोड काढून दिला. एक नंबर लहान होता. दाजींनी त्याला आशीर्वाद दिला. त्यानं वाकून नमस्कारही केला. मग पहिल्याच वळणावर त्याच पोरानं त्यांना आतून काढलं.

सोळा गडी होते. हिरवा झेंडा पडला आणि दाजी पहिल्या वळणापर्यंत सहावे होते, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. त्यांची सुरुवात अजूनही फटक्याची आहे. मग धूळ उडाली. धूळ बसल्यावर दाजी दहावे होते. चौथ्या फेरीला हात भरले. पाचव्या फेरीपासून त्यांना निळा झेंडा दिसू लागला. निळा झेंडा म्हणजे मागून वेगवान गडी येतोय, त्याला आडवं जाऊ नका. दाजींनी तो इतक्या वेळा बघितला की शेवटी झेंडेवाल्याची नि त्यांची ओळख झाली. एकदा तर त्यांनी हँडलवरचा डावा हात काढून मागच्याला 'जावा, जावा' अशी खूण केली. ट्रॅकवर हात काढायचा नसतो. पण वसुली अधिकाऱ्याच्या आयुष्यात कुणी आपणहून पुढं यायला लागलं, तर त्याला वाट द्यायची सवयच नसते. ती नव्यानं लागली होती.

एकाची चेन तुटली, एकाचा प्लग गेला, एक पडला आणि लंगडत बाहेर आला. बाकी तेरा जणांनी रेस पूर्ण केली. काळा-पांढरा चौकडीचा झेंडा सगळ्यात शेवटी ज्याच्यासाठी हलला ते दाजी. हेल्मेट काढलं तेव्हा डोळ्यांभोवती मातीचा चष्मा होता. हसताना तो चष्मा तडकला. त्यांना उतरता येत नव्हतं. आम्ही तिघांनी उचलून खाली घेतलं. बूट काढायला आणखी दोघं लागले.

आनंदात मी ताईला फोन लावला. पाठीमागं गाड्यांचा गोंगाट, मी ओरडून बोलत होतो.

"ताई, दाजींचा तेरावा! दाजींचा तेरावा आला!"

पलीकडं काहीच आवाज नाही. मग मांडणीवरून भांडं पडल्याचा आवाज, आणि म्हातारा "काय झालं, काय झालं" म्हणत होता. पुढं मला ताईनं जे सांगितलं ते इथं लिहिता येत नाही. दाजींच्या हातात फोन दिल्यावर तिनं त्यांच्याकडून आधी दोन पाय, दोन हात आणि सगळे दात आहेत का ते मोजून घेतलं.

परतीचा टेम्पो रिकामा होता. तरी मुंग्या होत्याच. दाजी मागच्या हौद्यात गाडीशेजारी झोपून आले, कारण बसता येत नव्हतं. कात्रज सोडल्यावर त्यांनी आतून हाक मारली, "पाव्हणं, तिसऱ्या वळणाला मी क्लच आधी सोडला. तिथं दोघं गेले." खंबाटकीला पुन्हा तेच. साताऱ्याला पुन्हा. कऱ्हाडला आवाज बंद झाला, तेव्हा मी थांबवून बघितलं. झोपले होते. एका बुटाचा ठसा पायावर तसाच.

आठ दिवसांनी खोडव्याची तोड आली. टनेज सांगण्यासारखं नव्हतं. कारखान्याच्या शेतकी खात्याचा माणूस बांधावर उभा राहून म्हणाला, आता हे मोडा, नवी लागण करा, निडव्यात, म्हणजे खोडव्याच्याही खोडव्यात, काही अर्थ नसतो. दाजी गुडघ्याला पट्टा बांधून ओट्यावर बसले होते. ताई वही घेऊन आली.

"तो मोडा म्हणतोय. मोडायचं का निडवा ठेवायचा?"

दाजी कुठल्या विचारात होते कोण जाणे. "ठेवूया की अजून एक साल," म्हणाले.

ताईनं वहीचं पान उलटलं. पान उसाचं नव्हतं.

"मिस्त्री स्लीव्ह घालायला किती घेतो म्हणाला?"